दिसलं ते सांगायचं कुणाला?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची शेवटची खेप आटोपली होती. तिळगुळाच्या डब्याला झाकण लावत होते, तेवढ्यात एक बाई चप्पल घालता घालता परत आत आल्या. "बाई, पाच मिनिटं वेळ आहे का? मुलाबद्दल बोलायचं होतं." कॉलेजातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईकडं लोक असं मुलाबद्दल बोलायला येतात. पाच मिनिटं म्हणून आलेल्या दोन तास बसतात, हेही आता आमच्या घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. मी पुन्हा चहा टाकला.

त्यांचं माहेर हुबळीचं, कन्नड. सासर इथलंच, मराठी. घरात दोन्ही भाषा एकाच पंगतीला बसतात, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात बसतात तशाच. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून चार तपशील बदलले आहेत, आणि त्या माउलीची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.) वर्षअखेरीला मित्रांबरोबर चोर्ला घाट उतरून गोव्याला गेला. आपल्याकडच्या पोरांना गोवा म्हणजे काय, सकाळी निघालं की दुपारचं जेवण समुद्रावर. चार दिवसांनी परतला, पण त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "गेला तो आलाच नाही बघा." ताटावर बसला की भाताकडं टक लावून बघत राहतो. रात्र रात्र गच्चीवर. कॉलेजला दांडी. विचारलं की एकच उत्तर, "आई, सगळं एकच आहे गं. तुला नाही समजायचं." शेवटी धाकट्या बहिणीजवळ तो बोलला. तिथल्या एका पार्टीत कुणीतरी नखाएवढा कागदाचा तुकडा जिभेवर ठेवायला दिला होता. एलएसडी.

घरात लगेच तीन पक्ष पडले. वडील म्हणाले, तोंडातून अवाक्षर काढू नका, पोलिसांत गेलं तर नोकरीबिकरी सगळं संपलं. हुबळीहून मामांचा फोन आला. ते जरा अध्यात्मातले. त्यांचं म्हणणं, लोक बारा बारा वर्षं तप करतात आणि ह्याला एका रात्रीत साक्षात्कार झालाय, त्याला कुणी टोकू नका. सासूबाईंनी काहीच मत दिलं नाही, मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली.

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार बाई? रडले की."

"त्याला दिसलं काय, ते कुणी विचारलं का?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तसं कोण विचारतं का? विचारलं तर आणखी डोक्यात जाईल म्हणून..."

हा एक प्रश्न, 'तुला दिसलं काय', शांतपणे विचारायचा आणि उत्तर ऐकून घाबरायचं नाही, हसायचं नाही, भारावूनही जायचं नाही, यासाठी अमेरिकेत आणि युरोपात गेल्या काही वर्षांत उपचारांची एक वेगळी शाखाच उभी राहिली आहे. तिला म्हणतात इंटिग्रेशन थेरपी. कोशात पाहायला जावं तर 'एकात्मीकरण' असा शब्द सापडतो आणि डोळ्यांपुढं राष्ट्रीय एकात्मतेची प्रभातफेरी येते. मला आपला साधा शब्द बरा वाटतो, 'मुरवणं'. कैरीच्या फोडी बरणीत भरल्या म्हणजे लोणचं झालं असं नव्हे.

पण आधी कामाचं. मी त्या बाईंना पहिल्यांदा सांगितलं ते हे की, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, याच आठवड्यात. अशा पदार्थांनंतर काहींना खरोखरचा मानसिक आजार सुरू होतो, आणि तो पहिल्यांदा डोकं वर काढतो ते वयही नेमकं हेच, अठरा ते पंचवीस. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा आजार असेल, तर परदेशातल्या चाचण्यांमध्ये अशा माणसाला सहसा घेतच नाहीत. सलग काही रात्री झोप नाही, कुणीतरी पाळत ठेवतंय असा संशय, कानात आवाज, मरणाच्या गोष्टी, यातलं काहीही असेल तर 'मुरवण्या'ची वाट बघत बसायचं नाही. धारवाडला डिमहान्स आहे, जवळ आहे. १४४११ नव्हे, १४४१६ हा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, आणि कन्नड काय, मराठी काय, दोन्हींत बोलता येतं. (पहिला नंबर मीच त्यांना चुकीचा लिहून दिला होता, म्हणून इथं दोनदा लिहिला.) आणि वडिलांची जी भीती होती त्याबद्दल एवढंच की, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. डॉक्टरकडं जाणं म्हणजे पोलीस चौकीत जाणं नव्हे. एलएसडी जवळ बाळगणं आणि घेणं मात्र आपल्याकडं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गुन्हा आहे, यात शंका ठेवू नये. हा लेख कुणी भलत्या अर्थानं घेऊ नये म्हणून हेही आताच सांगून टाकते.

आता मूळ गोष्टीकडं.

एलएसडी स्वित्झर्लंडमधलं. बाझेल शहरातल्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानं १९३८ मध्ये ते तयार केलं, काही उपयोग दिसेना म्हणून बाजूला ठेवलं, आणि १९४३ च्या एप्रिलमध्ये पुन्हा हातात घेतलं तेव्हा चुकून थोडं अंगात गेलं. काहीतरी विचित्र वाटलं म्हणून तीन दिवसांनी, १९ एप्रिलला, त्यानं मुद्दाम घेतलं. पाव मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येणारं. तरी त्या मानानं फारच झालं. युद्धाचे दिवस, मोटारी नाहीत. सहाय्यक मुलीला बरोबर घेऊन तो सायकलवरून घरी गेला. ती सायकल आज जगप्रसिद्ध आहे, तिची चित्रं छापलेले शर्ट विकले जातात. मला मात्र त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

घरी पोहोचल्यावर हॉफमनची खात्री झाली की आपण वेडे तरी होणार किंवा मरणार तरी. बायको मुलांना घेऊन माहेरी, लुसर्नला गेलेली. विषावर उतारा म्हणून त्यानं शेजारणीकडं दूध मागितलं. (बघा, दूध! आपल्याकडंही हेच केलं असतं.) ती बिचारी दूध घेऊन आली, तर त्याला ती रंगीत मुखवटा घातलेली चेटकीण दिसली. त्या संध्याकाळी तो दोन लिटरांहून जास्त दूध प्यायला. मग डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, बाकी नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं ठीक. त्यांनी औषध दिलं नाही. त्याला बिछान्यावर निजवलं आणि जवळ थांबले. हळूहळू भीती ओसरली. रात्री बायको परत आली, तेव्हा तो घडलेलं सगळं तिला सांगू शकला. दुसऱ्या दिवशी न्याहारीची चव त्याला अपूर्व लागली, आणि पाऊस पडून गेलेल्या बागेत सगळं लखलखत होतं.

आता यात औषध किती आणि शेजारीण, डॉक्टर, बायको, बाग किती? हॉफमन पुढं १०२ वर्षं जगला, २००८ मध्ये गेला. एलएसडीला तो आपलं 'कारटं' म्हणायचा, त्याच अर्थाचं नाव त्यानं आपल्या पुस्तकालाही दिलं. पण त्याच्या त्या पहिल्या रात्री कारट्याला सांभाळणारी माणसं घरात होती. आपल्या या मुलाच्या वाट्याला गोव्याच्या वाळूवर आली ती आपल्याच वयाची, आपल्याच अवस्थेतली चार पोरं.

नंतरच्या वीसेक वर्षांत या पदार्थांवर डॉक्टरांनी पुष्कळ काम केलं. कॅनडात हम्फ्री ऑस्मंड दारुड्यांवर एलएसडीचे उपचार करत होता. 'सायकेडेलिक' हा शब्द त्यानंच १९५६ मध्ये काढला, अर्थ साधारण 'मन उघडं करणारं'. आता मन काय, कपाट आहे. उघडलं तर जे बाहेर पडेल ते आवरणार कोण, हा प्रश्न त्या उत्साहात मागं राहिला.

त्याचं एक उदाहरण मला नेहमी अस्वस्थ करतं. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टनमधल्या एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात वॉल्टर पॅनके या डॉक्टरनं धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहा जणांना सिलोसायबिन, म्हणजे मेक्सिकोतल्या काही अळंब्यांमध्ये असतो तो पदार्थ, आणि दहा जणांना दुसरंच काही. वरच्या मजल्यावरचं प्रवचन तळघरात ऐकू येत होतं. सिलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांना जन्मभर पुरेल असा धार्मिक अनुभव आला, असा निष्कर्ष निघाला आणि तो गाजला. पुढं पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन या संशोधकानं त्यातली माणसं शोधून काढली, पुन्हा मुलाखती घेतल्या आणि १९९१ मध्ये छापल्या. बरेच जण अजूनही त्या दिवसाला मोलाचं मानत होते, हे खरं. पण त्याबरोबर हेही निघालं की अनेकांनी त्या दिवशी भीतीचे, झगड्याचे तास काढले होते. एक जण तर इतका बेभान झाला होता की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं, आणि मूळ अहवालात त्या इंजेक्शनचा उल्लेखच नव्हता. पंचवीस वर्षं! त्या मुलाला त्या दिवशी काय दिसलं, तो घरी जाऊन कुणाशी काय बोलला, कोण जाणे.

त्यानंतर काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पदार्थ प्रयोगशाळेतून रस्त्यावर आले, १९७० मध्ये अमेरिकेनं बंदी घातली, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, संशोधन जवळजवळ थांबलं. गोव्याचा हणजुणे किनारा त्याच सुमारास हिप्पींनी भरू लागला होता.

बंदी आली तरी माणसं होतीच, आणि त्यांच्या मनात शिरलेलं तसंच होतं. इथं एक बाई येते, आणि तिच्या गोष्टीत आपल्या हुबळीचा एक धागा आहे. अमेरिकेतली ख्रिस्टिना ग्रोफ. तिनं एलएसडी घेतलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात, कळा चालू असताना, तिच्या अंगातून काहीतरी प्रचंड उसळलं. प्रकाश, थरथर, श्वासाचा वेगळाच ताल. दवाखान्यात तिला शामक औषधं देऊन ते दाबण्यात आलं. दुसऱ्या बाळंतपणात पुन्हा तेच. पुढं ती स्वामी मुक्तानंदांना भेटली आणि त्यांच्या सहवासात ते सगळं पुन्हा उफाळलं. हे मुक्तानंद गणेशपुरीचे म्हणून महाराष्ट्रात ओळखले जातात. पण मूळचे मंगळूरकडचे, आणि पंधराव्या वर्षी घर सोडून ते आले होते हुबळीला, सिद्धारूढ स्वामींच्या मठात. संन्यासही तिथलाच. ख्रिस्टिनाचा संसार मात्र या सगळ्यात मोडला. तिला वाटत होतं आपल्याला वेड लागतंय. जोसेफ कॅम्बेल हे पुराणकथांचे अभ्यासक तिचे कॉलेजातले शिक्षक. त्यांनी तिला कॅलिफोर्नियात स्टॅनिस्लाव ग्रोफ यांच्याकडं पाठवलं.

हे ग्रोफ मूळचे प्रागचे मानसोपचारतज्ज्ञ. एलएसडी देऊन रुग्णांवर उपचार करण्यात त्यांची वर्षानुवर्षं गेलेली. एकेका रुग्णाला काय काय दिसतं आणि त्यातून तो कसा बाहेर येतो, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांनी ख्रिस्टिनाला रोगी ठरवलं नाही, सिद्ध योगिनीही ठरवलं नाही. ऐकलं. पुढं दोघांनी लग्न केलं. १९८० मध्ये ख्रिस्टिनानं अशा अनुभवांनी गांगरलेल्या माणसांना समजून घेणारा माणूस गाठून देणारं एक जाळं सुरू केलं. तिच्या आणि ग्रोफ यांच्या शब्दांत इंग्रजीतली एक गंमत होती. 'इमर्जन्सी' म्हणजे आणीबाणी आणि 'इमर्जन्स' म्हणजे उगवणं, वर येणं. आणीबाणी म्हटलं की आपल्याला १९७५ साल आठवतं, त्यामुळं मराठीत ही गंमत साधत नाही, जाऊ दे. पण आज ज्याला इंटिग्रेशन म्हणतात, त्याचं एक मूळ या बाईच्या बाळंतपणाच्या खोलीत आहे असं मला वाटतं. आणि आणखी एक गोष्ट. ख्रिस्टिनाला पुढं दारूचं व्यसन लागलं, त्यातून ती बाहेर आली, त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे दिव्य अनुभव आला की माणूस सुटला, असं तिच्या आयुष्यात तरी घडलं नाही. हे मी मामांसाठी लिहिते आहे.

अलीकडं संशोधन पुन्हा सुरू झालं, तेव्हा मात्र बोलण्याला त्यात रीतसर जागा मिळाली. एमडीएमए या पदार्थावर अमेरिकेत मोठ्या चाचण्या झाल्या, युद्धातून परतलेल्या किंवा अत्याचार सोसलेल्या लोकांवर. त्यांचं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. औषधाचे दिवस तीन, प्रत्येकी आठ तास. त्याआधी तयारीच्या बैठका तीन. आणि प्रत्येक औषधाच्या दिवसानंतर इंटिग्रेशनच्या तीन, म्हणजे एकूण नऊ, दीड दीड तासाच्या. औषध तीनदा, बोलणं बारा वेळा. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या औषध प्रशासनानं मान्यता नाकारली आणि आणखी एक चाचणी करायला सांगितलं. त्यातच कॅनडातल्या एका आधीच्या चाचणीत उपचार करणाऱ्या जोडप्यानं सहभागी स्त्रीशी केलेलं गैरवर्तन चित्रफितीवर सापडलं होतं. मन उघडं पडलेल्या माणसाशेजारी कोण बसलंय, हा प्रश्न हॉफमनच्या शेजारणीपासून आजवर तोच आहे. ऑस्ट्रेलियात २०२३ च्या जुलैपासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना ठराविक आजारांसाठी हे पदार्थ देता येतात. अमेरिकेत ओरेगन राज्यानं सिलोसायबिनच्या केंद्रांना परवाने दिले. पण लाखो लोक ज्या रीतीनं घेतात ती यांतली कुठलीच नव्हे. ते पार्टीत घेतात, मित्राच्या खोलीवर घेतात, नाहीतर दक्षिण अमेरिकेत जाऊन एखाद्या विधीत घेतात आणि विमानानं परत येऊन सोमवारी कामावर जातात.

अशांसाठीच ही थेरपी. ती करणारा पदार्थ देत नाही, घ्या म्हणत नाही. स्पेनमध्ये बार्सिलोनाला आयसीईईआरएस नावाची संस्था आहे, तिथं अनुभवानंतर अडचणीत सापडलेल्यांसाठी मदत केंद्र चालतं. तिथं काम केलेला मार्क आइशला या मानसशास्त्रज्ञाचं या विषयावरचं पुस्तक २०२२ मध्ये आलं. तो एक भेद करतो, तो मला फार उपयोगी वाटला. एक, चांगला अनुभव आला आणि त्याचं जगण्यात काही तरी व्हावं म्हणून येणारे. आणि दुसरे, अनुभवानं मोडलेले, घाबरलेले. दोघांना एकच मात्रा चालत नाही. पहिल्याला थोडं ढकलावं लागतं, दुसऱ्याला आधी जमिनीवर आणावं लागतं.

जमिनीवर आणायचं म्हणजे अगदी साधं. झोप. वेळेवर जेवण, गरम. चालणं, माती, पाणी, हाताला काम. पुन्हा तो पदार्थ नाही, गांजा नाही, दारू नाही. काही महिने मोठे निर्णय नाहीत. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, संन्यास घेणं, सगळं पुढं ढकला. मग हळूहळू बोलणं, ज्याला बोलता येत नाही त्यानं लिहिणं, चित्रं काढणं. उपचार करणारा अर्थ सांगत नाही. 'साप दिसला म्हणजे कुंडलिनी' किंवा 'साप दिसला म्हणजे वासना', अशी पंचांगं त्याच्याजवळ नसतात, असली तर त्यानं ती पिशवीतच ठेवायची असतात. दिसलेलं प्रत्येक खरं असतं असंही नाही; लहानपणी आपल्यावर अत्याचार झाला असं एखाद्याला त्या अवस्थेत 'दिसतं', ते घडलेलं असू शकतं आणि नसूही शकतं, तिथं घाईनं घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नसतं आणि त्या माणसाला खोटंही पाडायचं नसतं. हे फार नाजूक काम आहे. त्याला वेळ लागतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सायकेडेलिक घेतल्यानंतर दीर्घकाळ त्रास झालेल्या ६०८ जणांची माहिती घेतली होती. त्यांच्यापैकी एक तृतीयांश लोकांचा त्रास वर्षाहून जास्त टिकला होता. सगळ्यांना त्रास होतो असा याचा अर्थ नव्हे, ही पाहणीच त्रास झालेल्यांची होती. पण 'उतरलं की संपलं' असं ज्या पोरांना वाटतं, त्यांनी हा आकडा बघावा.

हे सगळं वाचताना मला माझी आजी आठवत होती. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, यल्लम्मा. कन्नडमध्ये म्हणतात तसं, 'मैमेले बरोदु'. लहानपणी मी घाबरून खांबाआड उभी राहायचे. त्या घुमण्याबद्दल तुमचं माझं मत काय असेल ते असो. पण ती बाई शांत झाल्यावर काय व्हायचं ते मला नीट आठवतं. कुणी तिला दोष देत नसे. दोघीजणी धरून बसवत, पाणी देत, केस बांधत, पदर सारखा करत. आजी विचारायची, "काय गं, काय झालं?" ती काही सांगायची, कधी रडायची. मग तिला जेवायला घालत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर घागर घेऊन आमच्याच रांगेत उभी, आणि तिला कोणी 'देवी' म्हणून पुढं सोडत नसे! ती रांग मला आता फार शहाणपणाची वाटते. मेक्सिकोतली माझाटेक जमातीची मारिया साबिना अळंब्यांचा रात्रभराचा विधी करायची तो आजाऱ्यांसाठी, आपल्या गावात, आपल्या भाषेत. १९५७ मध्ये एका अमेरिकन मासिकात त्यावर लेख आला आणि जगभरचे लोक तिच्या डोंगरावर अळंब्यांसाठी लोटले. गावानं तिच्यावर राग काढला, तिचं घर जाळलं गेलं. पाहुण्यांनी अळंबी नेली. रांग, घागर आणि केस बांधणाऱ्या बायका काही नेता आल्या नाहीत.

असो. गुढीपाडव्याला त्या बाईंचा फोन आला.

मुलाला डॉक्टरांना दाखवलं होतं. आजार नाही म्हणाले, पण झोपेसाठी औषध दिलं, दर पंधरवड्याला बोलावलं. पहिल्या भेटीत पोरगा इंटरनेटवरचे इंग्रजी शब्द फेकत होता, 'इगो डेथ' वगैरे. डॉक्टर म्हणाले, ते राहू दे, घरात ज्या भाषेत भांडतोस त्या भाषेत सांग. तिथंच तो अडला. वहीत लिहून आणायला सांगितलं, तर वही कोरीच. महिनाभर असं चाललं.

मग उगादीसाठी हुबळीहून आजी आली, बेवु-बेल्लाची तयारी घेऊन. आईची आई. रात्री गच्चीवर नातवाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं सरळ विचारलं, "एन नोड्दि यप्पा? हेळ." काय बघितलंस बाळा, सांग.

जिन्यात उभं राहून त्याच्या आईनं ऐकलं ते असं. समुद्राची लाट येत होती आणि जात होती, आणि मग ती लाट नव्हती, तो श्वास होता. अज्जांचा. २०२१ च्या मे महिन्यात, ऑक्सिजनच्या नळीतून चाललेला. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अज्जा, सुट्टीत याला सायकलच्या दांडीवर बसवून मठात नेणारे. कोविडचा काळ, बेळगावहून हुबळीला जाता आलं नाही. शेवटचं दर्शन मोबाईलवर, चाळीस सेकंद, आणि मध्येच नेटवर्क गेलं. याची ऑनलाइन परीक्षा होती म्हणून त्या दिवशी कुणी त्याच्याशी बोललंही नव्हतं. गोव्याच्या वाळूवर तो श्वास रात्रभर चालू होता आणि याला वाटत होतं, मी इथून उठलो तर तो थांबेल. "सगळं एकच आहे" ते हे.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं सांगायला सुरुवात केली. ती स्वतः तेव्हा त्याच इस्पितळात होती, वरच्या मजल्यावर, तिला दोन दिवस कुणी कळवलंच नव्हतं. हे तिनं आजवर मुलीलाही सांगितलं नव्हतं. दोघं दोन वाजेपर्यंत बोलत होती.

"आणि तुम्ही?" मी पुन्हा तेच विचारलं.

"मी जिन्यातच बसले की बाई."

त्याची झोपेची गोळी अजून चालू आहे. सहामाही बुडाली ती बुडालीच, वडील त्यावरून अजून धुसफुसतात. मामांनी एक पुस्तक पाठवलंय, ते तसंच पाकिटात आहे. पुढच्या महिन्यात मुलगा आजीबरोबर हुबळीला जाणार आहे. अज्जांचं कपाट पाच वर्षांत कुणी उघडलेलं नाही, किल्ली कुठं आहे ते आजीला आठवत नाही, दोघं मिळून शोधणार आहेत.